काट्यावरचे वजन आणि गुडघ्याचे ऑपरेशन

श्रोतेहो, नमस्कार.

गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेले की रुग्णाला आधी वजनकाट्यावर उभे करतात, उंची मोजतात आणि त्या दोन आकड्यांवरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा निर्देशांक, काढतात. तो फार जास्त निघाला तर "आधी वजन उतरवा, मग बघू" असे ऐकून अनेकांना परतावे लागते. अमेरिकेतील पुष्कळ शल्यचिकित्सक बीएमआय ४० च्या पुढे असल्यास शस्त्रक्रिया लांबणीवर टाकतात, आणि त्यामागे कारणही आहे, कारण अतिस्थूल व्यक्तींमध्ये जखम उशिरा भरणे, ती चिघळणे आणि कृत्रिम सांध्याला जंतुसंसर्ग होणे या गुंतागुंती अधिक आढळतात. तरीही या एका आकड्यावर किती विसंबावे, हा प्रश्न उरतोच, कारण काटा एकूण भार सांगतो. त्यात चरबी किती आणि स्नायू किती, हे तो सांगत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छायाचित्रासह प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. अंगाने बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसातही चरबीचा वाटा मोठा आणि स्नायूंचा वाटा लहान असू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता मानली जाते.

आता शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे येऊ. गुडघ्यावर चिरा देताना त्वचेखालचा चरबीचा थर जाड असेल, तर सांध्यापर्यंत पोहोचायला अधिक वेळ लागतो आणि ऊतींवर ताण पडतो. शिवाय चरबीला रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने तेथे प्राणवायू आणि प्रतिजैविके कमी प्रमाणात पोहोचतात. चिरा देण्यापूर्वीच्या तासाभरात दिल्या जाणाऱ्या सेफाझोलिन या प्रतिजैविकाची नेहमीची मात्रा २ ग्रॅम असते. १२० किलो किंवा त्याहून अधिक वजनाच्या रुग्णाला ती ३ ग्रॅम दिली जाते, ती याच कारणाने. जंतू एकदा धातूच्या पृष्ठभागावर चिकटले की स्वतःभोवती चिकट थर तयार करतात, त्या थरात औषध नीट शिरत नाही, आणि मग बसवलेला सांधा पुन्हा उघडण्याची वेळ येऊ शकते. म्हणून एकूण वजनाइतकेच, चिरा जेथे द्यायचा तेथे चरबी किती आहे, हेही महत्त्वाचे ठरते.

दुसरी बाजू स्नायूंची आहे, आणि माझ्या मते तिच्याकडे फारच दुर्लक्ष होते. गुडघा दुखतो म्हणून चालणे सुटते, चालणे सुटले की मांडीचा पुढचा स्नायू सुकत जातो आणि वजन मात्र तेवढेच राहते, कारण गेलेल्या स्नायूची जागा चरबी घेते. त्यात "ऑपरेशनसाठी वजन उतरवायचे" म्हणून एखाद्या आजी रात्रीचे जेवण सोडतात आणि दुपारीही वरण-भात बाजूला सारून चहा-बिस्किटांवर भागवतात. सहा किलो उतरले म्हणून घरचे कौतुक करतात. पण ब्लाउजच्या बाह्या दंडावर सैल लोंबू लागलेल्या असतात आणि हाताचा टेकू घेतल्याशिवाय खुर्चीतून उठवत नाही. अशा रुग्णाच्या रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन दर डेसिलिटरला ३.५ ग्रॅमच्या खाली आढळले, तर जखम न भरण्याचा आणि संसर्गाचा धोका वाढतो, हे अस्थिरोगतज्ज्ञ मानतात. काट्यावरचा आकडा सुधारलेला दिसला, तरी शस्त्रक्रियेची तयारी मागे पडलेली असते.

वजन कमी करू नये, असे मी मुळीच म्हणत नाही. एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. हा लाभ मोठा आहे. मात्र ते वजन चरबीचे उतरावे, म्हणून डाळी, उसळी, दूध, दही आणि चालत असल्यास अंडी यांत कपात करू नये, आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मांडीचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीच सुरू करावेत. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणण्याचे कामही याच काळात व्हावे.

शरीरातील चरबी आणि स्नायू डेक्सा तपासणीत वेगवेगळे मोजता येतात. ती प्रत्येक गावात उपलब्ध नसते. घरी मात्र एक साधी चाचणी करता येते. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसावे, दोन्ही हात छातीवर घडी करून ठेवावेत आणि पाच वेळा उठून बसावे. जवळ घरातले कोणीतरी उभे असावे. पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागला, तर स्नायू कमकुवत असण्याची शक्यता स्नायूंच्या झिजेविषयीच्या आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांत धरली आहे. गुडघेदुखीमुळेही हा वेळ वाढतो. तेव्हा लागलेले सेकंद आणि कोणत्या गुडघ्यात कळ आली, हे दोन्ही कागदावर लिहून पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांसमोर ठेवावे.

नमस्कार.