दुखावलेल्या भावनेचं माप

[दृश्य : पालघर स्टेशन. सकाळची गर्दी. मुंबईकडे जाणारी गाडी फलाटाला लागते.]

विरार सोडलं की वैतरणा, सफाळे, केळवे रोड आणि मग पालघर. आज हे जिल्ह्याचं ठिकाण आहे. २०१२ साली ते ठाणे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात इथे जे घडलं त्यामुळे देशाच्या कायद्यातलं एक कलम गेलं. कलम गेलं, हे मात्र पुढे कित्येक पोलीस ठाण्यांना कळलंच नाही. आजची गोष्ट त्या न कळण्याची आहे.

१७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले. १८ तारखेच्या रविवारी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले. मुंबई बंद होती, आसपासची गावंही बंद होती. त्या दिवशीचं दुःख खरं होतं. रस्त्यावर उतरलेल्या लाखो माणसांच्या डोळ्यांतलं पाणी कुणी आणवलेलं नव्हतं. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकताना कुणाला वाटू नये की आपण त्या दुःखाची किंमत कमी करतोय.

त्याच रविवारी पालघरमधल्या २१ वर्षांच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. रोज हजारो माणसं जातात, तरी जग चालतंच. भगतसिंग, आझाद, सुखदेव यांच्यासाठी आपण शेवटचे कधी दोन मिनिटं उभे राहिलो? आदर मिळवावा लागतो, तो लादता येत नाही. आजची मुंबई आदराने नव्हे, भीतीने बंद आहे. मथितार्थ एवढाच. शिवी नाही, धमकी नाही. सुरुवातच मुळी ‘आदर राखून’ अशी. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली.

असं वाक्य त्या दिवशी किती घरांत बोललं गेलं असेल! चहा पिताना, जिन्यात, दार लोटून घेऊन. त्या घरांत आणि या मुलीत फरक इतकाच, की ती जे बोलली ते लेखी होतं.

स्थानिक शिवसेना पदाधिकाऱ्याने तक्रार दिली. दोघींना पोलीस ठाण्यात नेण्यात आलं. मुलीने माफी मागितली होती, खातंही बंद केलं होतं. जमावाने तिच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली. तिथे हाडांवर उपचार होत. पोस्ट पुतणीची आणि काचा दवाखान्याच्या. पोलिसांनी आधी लावलं ते धार्मिक भावना दुखावण्याचं कलम, २९५ अ. पोस्टमध्ये धर्माचा शब्दही नव्हता. मग ते बदलून गटागटांत वैर पसरवण्याचं, ५०५ (२) घातलं, आणि जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ. सोमवारी न्यायालयाने दोघींना प्रत्येकी १५ हजारांच्या जातमुचलक्यावर सोडलं.

[दृश्य : जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं. कॅमेरा एकेका मथळ्यावरून सरकतो.]

पुढच्या काही दिवसांत सगळं उलट फिरलं. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना पत्र लिहून कारवाईची मागणी केली. ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले. जामीन देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांची बदली झाली. काही आठवड्यांत पोलिसांनीच खटला बंद करण्याचा अहवाल दिला. कागदावर गुन्हा उरला नाही. पण कोठडीचं दार ज्याने आतून पाहिलंय, त्याला कागदावर काय उरलं याचं काय वाटणार?

आता या ६६ अ कलमाकडे जरा थांबून पाहू. इथे थांबायलाच हवं, कारण सगळी मेख त्याच्या शब्दांत आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. ६६ अ त्यात नंतर घुसलं. डिसेंबर २००८ मध्ये लोकसभेने दुरुस्ती विधेयक चर्चेविना मंजूर केलं आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून ते लागू झालं. संगणकावरून किंवा मोबाइलवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद. खोटी माहिती देऊन कुणाला ‘त्रास’, ‘गैरसोय’ किंवा ‘अपमान’ होईल असं काही केलं, तरी तीच शिक्षा. गुन्हा दखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय उचलता येईल.

त्रास. गैरसोय. मला रोज सकाळी सहाला येणाऱ्या सुप्रभातच्या फुलांचाही त्रास होतो. हे शब्द कायद्यात बसवणाऱ्यांनी त्यांची व्याख्या कुठेही दिली नाही.

हे शब्द आले कुठून? त्यांचं मूळ ब्रिटनच्या १९३५ च्या टपाल दुरुस्ती कायद्यात सापडतं. तो जमाना टेलिफोनचा. फोनवरून कुणी घाणेरडं बोललं, धमकावलं, तर त्याला शिक्षा व्हावी म्हणून तो कायदा. एक बोलणारा, एक ऐकणारा, आणि ऐकणाऱ्याची सुटका नाही. तिथे त्या शब्दांना अर्थ होता. पुढे ते ब्रिटनच्या एका कायद्यातून दुसऱ्यात गेले आणि २००८ साली आपल्याकडे आले. पण फेसबुक टेलिफोन नाही, तो पार आहे. पारावर बसलेला माणूस एकाच्या कानात बोलत नाही, सगळ्यांसमोर मत मांडतो. पटलं तर थांबा, नाही तर चालू लागा. कानात ओरडणाऱ्यासाठी शिवलेला अंगरखा आपण अख्ख्या पाराला घातला.

तो कुणाला बसला ते बघा. एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात मुख्यमंत्र्यांवरचं एक व्यंगचित्र पुढे पाठवलं म्हणून जादवपूर विद्यापीठाच्या प्राध्यापकांना अटक झाली. त्यांच्यावरचा खटला संपायला २०२३ साल उजाडलं. सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी मुंबईत पकडले गेले, त्यांच्यावर तर राजद्रोहही लावला होता. ऑक्टोबरमध्ये पुद्दुचेरीत केंद्रीय अर्थमंत्र्यांच्या मुलाविषयी ट्वीट केल्याबद्दल एका व्यावसायिकाला अटक झाली. राज्यं वेगळी, सत्तेतले पक्ष वेगळे. कलम एकच, आणि दुखावलेला प्रत्येक वेळी ताकदवान.

[दृश्य : सर्वोच्च न्यायालयाचा घुमट, दिल्ली.]

पालघरच्या बातमीने अस्वस्थ झालेली दिल्लीची २१ वर्षांची श्रेया सिंघल त्याच नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात गेली. पोस्ट लिहिणारी २१ वर्षांची आणि तिच्यासाठी दाद मागणारीही २१ वर्षांची, तिला न भेटलेली. मला या गोष्टीतलं सर्वांत मोठं धैर्य इथे दिसतं.

निकाल आला २४ मार्च २०१५ ला. न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने ६६ अ संपूर्ण रद्द केलं. निकाल नरिमन यांनी लिहिला. त्यात त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या केल्या : चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही कडू लागल्या तरी चालतील, कायद्याने मध्ये पडायचं ते तिसरीवर. सरकारने हमी दिली होती की कलमाचा गैरवापर होऊ देणार नाही. न्यायालयाने ती मानली नाही. सरकारं येतात आणि जातात, कलम मात्र राहतं. आजच्या सरकारचा शब्द उद्याच्या सरकारला कसा बांधणार?

शब्द किती निसरडे असतात हे दाखवायला नरिमन यांनी इंग्लंडचेच खटले घेतले. तेच बोलणं, तोच पुरावा, आणि अनुभवी न्यायाधीशांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध. न्यायाधीशांचंच जिथे एकमत होत नाही, तिथे रात्रपाळीच्या ठाणे अंमलदाराने समोरच्या तापलेल्या जमावाकडे बघत काय ठरवावं?

कलम गेलं की ट्रोल मोकाट सुटतील, बायकांना छळणाऱ्यांना रान मोकळं मिळेल, असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांची काळजी मला समजते. ऑनलाइन शिवीगाळ आणि बलात्काराच्या धमक्या सोसलेल्या बायका मी ओळखते. पण पाठलाग, धमकी, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान या सगळ्यांसाठी वेगळी कलमं तेव्हाही होती, आजच्या भारतीय न्याय संहितेतही आहेत. त्यांच्यात गुन्हा काय ते नेमकं लिहिलेलं आहे. त्या बायका तक्रार घेऊन जातात तेव्हा त्यांना किती वेळ बाकावर बसवून ठेवतात, आणि पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याची तक्रार किती झटपट लिहून घेतात, हे ज्याने पाहिलंय त्याला कलम कमी पडतंय असं वाटणार नाही.

[दृश्य : पोलीस ठाण्यातलं टेबल, गुन्ह्यांची नोंदवही, बाजूला संगणक.]

आणि इथून गोष्टीचा तो भाग सुरू होतो, जो मला आजही अस्वस्थ करतो.

कलम रद्द झालं, पण छापील पुस्तकांत ते होतं. ठाण्यातल्या माणसाच्या तोंडी होतं. गुन्हे दाखल होत राहिले. जानेवारी २०१९ मध्ये पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने निकालाच्या प्रती सगळ्या उच्च न्यायालयांना, मुख्य सचिवांना, पोलीस महासंचालकांना पाठवायला सांगितल्या. तरीही थांबलं नाही. जुलै २०२१ मध्ये न्यायालयासमोर आकडे आले : निकालानंतरही १,३०७ गुन्हे. त्यांत सर्वाधिक, ३८१, आपल्या महाराष्ट्रातले. पालघर ज्या राज्यात आहे, त्या राज्यातले. ज्या कलमाने आपल्याच दोन मुलींना कोठडी दाखवली, ते रद्द झाल्यावर सर्वांत जास्त वापरलं ते आपणच. मराठी माणूस म्हणून मला याची लाज वाटते.

अखेर १२ ऑक्टोबर २०२२ ला सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने आदेश दिला : या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही, जिथे जिथे ते लावलंय तिथून काढून टाका. कलम मेल्यावर साडेसात वर्षांनी.

तोवर भीतीने दुसरी घरं शोधली होती. व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन आठवतात ना? ‘कुणी काही टाकलं तर ॲडमिन आत जाईल’ अशा सूचना फिरायच्या आणि लोक भराभर ॲडमिनपद सोडायचे. गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की सदस्याने टाकलेल्या मजकुराला, दोघांचा एकत्रित इरादा असल्याशिवाय, ॲडमिन जबाबदार नाही. हा निकाल त्या सूचनांइतका कधी फिरला नाही. मे २०२२ मध्ये शरद पवार यांच्याविषयीची पोस्ट शेअर केल्याबद्दल एक मराठी अभिनेत्री ४० दिवस आत राहिली. ती पोस्ट मला हीन वाटली. ४० दिवसांचा तुरुंग मला त्याहून वाईट वाटतो.

[दृश्य : नागपूर. उच्च न्यायालयाची दगडी इमारत.]

मग माप कुठलं धरायचं? कुणाची भावना? याचं उत्तर आपल्याकडे १९४६ पासून आहे, आणि ते नागपुरात दिलं गेलं. भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात तेव्हाच्या नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं, की शब्दांचा परिणाम तोलायचा तो विचारी, खंबीर, धीट माणसाच्या मापाने. जो दुबळ्या, डळमळीत मनाचा आहे, ज्याला प्रत्येक विरोधी मतात संकट दिसतं, त्याच्या मापाने नव्हे. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता, तेव्हाचं हे वाक्य.

२८ मार्च २०२५ ला ते पुन्हा उच्चारलं गेलं. खासदार इम्रान प्रतापगढी यांनी समाजमाध्यमावर टाकलेल्या चित्रफितीतल्या कवितेवरून जामनगरमध्ये गुन्हा दाखल झाला होता. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी तो रद्द केला. ओक आपल्या ठाण्याचे. त्यांनी नागपूरच्या त्या मापाचा आधार घेतला, आणि पोलिसांसाठी वाटही दाखवली : बोलण्या-लिहिण्याबद्दलच्या ज्या गुन्ह्यांना ३ ते ७ वर्षांची शिक्षा आहे, तिथे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करून घ्या. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्यासाठी १४ दिवस दिलेले आहेत. १४ दिवसांत जमाव घरी जातो. माणसं थंड होतात. मला हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा आदेश वाटतो.

[दृश्य : पुणे. कोंढव्याचा वाहता रस्ता. संध्याकाळ.]

त्यानंतर सहाच आठवड्यांनी पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या १९ वर्षांच्या काश्मिरी मुलीने ऑपरेशन सिंदूरविषयीची दुसऱ्या कुणाची तरी पोस्ट इन्स्टाग्रामवर पुढे टाकली. धमक्या येऊ लागल्या. दोन तासांत तिने ती काढून टाकली, माफी मागितली. सीमेवर गोळ्या चालू होत्या, लोकांचा संताप मला कळतो. कॉलेजने तिचं म्हणणं न ऐकता तिला काढून टाकलं. ९ मे २०२५ ला अटक झाली. परीक्षा तोंडावर होती.

२७ मे ला मुंबई उच्च न्यायालयाच्या सुट्टीतल्या खंडपीठापुढे प्रकरण आलं. न्यायमूर्ती गौरी गोडसे आणि न्यायमूर्ती सोमशेखर सुंदरेसन. त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं ते साधंच होतं : विद्यार्थिनी आहे, माफी मागितली आहे, तिचं आयुष्य उद्ध्वस्त करायचं आहे का? कॉलेजच्या आदेशाला स्थगिती मिळाली. तिला आजच सोडा, असं न्यायाधीशांनी सांगितलं.

येरवड्याचं दार त्या संध्याकाळी उघडलं. आत १८ दिवस गेले होते. नागपूरच्या निकालाला ७९ वर्षं होत आली होती. पालघरच्या त्या दोघी आता तिशी ओलांडलेल्या असतील. आणि पुण्याच्या मुलीला रात्रीतून पुस्तकं शोधायची होती, कारण उरलेले पेपर अजून व्हायचे होते.