मापाची फीत

(दृश्य: टेबलावर गुंडाळून ठेवलेली कापडी फीत)

अमेरिकेच्या लष्करात उंचीच्या मानाने वजन जास्त भरलं, की अशी फीत बाहेर निघायची. पुरुषांची मान आणि पोट मोजायचे, स्त्रियांचे नितंबही. त्यावरून अंगात चरबी किती ते ठरायचं. 2023 मध्ये पद्धत बदलली. तेव्हापासून फक्त बेंबीपाशी मोजू लागले. त्याआधी वर्षानुवर्षं सैनिक मापाच्या तोंडावर उपाशी राहिले, जुलाबाच्या गोळ्या घेतल्या, अंगाला प्लास्टिक गुंडाळून घाम गाळला. माप चुकलं तर बढती अडते, सुधारलं नाही तर नोकरी जाते. भूक मारणं हा तिथे नोकरीचाच भाग होऊन बसला. त्याला आजार कोण म्हणणार?

(दृश्य: कंपनीचं पार्किंग, दुपार)

वर्दी उतरते. कुणी गोदामात लागतं, कुणी ऑफिसात. दुपारी सगळे एकत्र जेवायला बसतात, तेव्हा यातला एखादा आपल्या गाडीत जाऊन बसतो. प्रशिक्षणात काही मिनिटांत ताट रिकामं करायची सवय लागलेली. चारचौघांत तसं खायची लाज वाटते. मग दिवसभर कोरडं राहायचं, आणि रात्री एकट्याने पोट दुखेपर्यंत खात सुटायचं.

हे जिभेचे चोचले नव्हेत. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या कैदेत उपासमार सोसलेल्या सैनिकांवरचा एक अभ्यास 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेला जवळपास 50 वर्षं होत आली होती. तरीही कैदेत न पडलेल्या सैनिकांपेक्षा त्यांच्यात असं अनावर खाणं जास्त आढळलं. 'बिंज ईटिंग'ला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत स्वतंत्र आजाराची जागा मिळायला मात्र 2013 उजाडलं.

(दृश्य: ऑफिसची पॅन्ट्री, कोपऱ्यात वजनकाटा)

तिथल्या कित्येक ऑफिसांत वजन घटवण्याच्या स्पर्धा लागतात. हेतू चांगला असेल, पण या माणसासमोर पुन्हा तोच काटा येतो, आणि मला ते पाहवत नाही.

2008 मध्ये दुरुस्त झालेल्या अमेरिकी अपंगत्व कायद्यात जगण्याच्या प्रमुख क्रियांची यादी आहे: पाहणं, ऐकणं, झोपणं, चालणं. त्यात खाणंही आहे. 15 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला अशा आजारासाठी शक्य ती सोय करावी लागते. मागायचं मात्र सहसा कर्मचाऱ्यानेच, आणि कुरकुर न करण्याचे धडे गिरवलेल्याला तेच सगळ्यांत अवघड जातं. जेवणाची ठरलेली वेळ मागता येते. उपचारासाठी आठवड्यातले दोन तास मागता येतात. वजनाच्या स्पर्धेत मला धरू नका, हेही सांगता येतं.