सामोरा मशेल: रानातला सेनापती, मापुतोतला राष्ट्राध्यक्ष

श्रोतेहो, नमस्कार.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा मोझांबिक आणि आपला गोवा शतकानुशतकं एकाच सत्तेखाली, पोर्तुगालच्या अमलाखाली होते. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला आणि त्याचा राग पोर्तुगालनं मोझांबिकमधल्या भारतीयांवर काढला. त्यांना छावण्यांत डांबलं, त्यांची मालमत्ता गोठवली. पुढच्याच वर्षी, 25 जून 1962 ला, टांझानियातल्या दार-ए-सलाममध्ये तीन संघटना एकत्र आल्या आणि फ्रेलिमो हा मुक्ती-मोर्चा उभा राहिला. या मोर्चाचा सेनापती आणि पुढे मोझांबिकचा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेला सामोरा मशेल, त्याच्याविषयी आज बोलायचं आहे.

सामोराचा जन्म 29 सप्टेंबर 1933 चा, दक्षिणेतल्या गाझा प्रांतात, लिंपोपो नदीच्या खोऱ्यात. घर शेतकऱ्याचं. सरकार सांगेल तेवढा कापूस लावायचा आणि गोऱ्या शेतकऱ्याला मिळतो त्याहून कमी भावानं विकायचा, हा तिथला कायदा. पन्नाशीच्या दशकात खोऱ्यात कालवे आले आणि ओलिताखाली आलेली जमीन पोर्तुगालहून आणलेल्या कुटुंबांना देण्यात आली. मशेल कुटुंबाची जमीन त्यातच गेली. सामोरा राजधानीतल्या सरकारी रुग्णालयात परिचारक झाला. तिथेही काम तेच, पण काळ्या परिचारकाचा पगार कमी. 1963 मध्ये तो सीमा ओलांडून टांझानियाला पोहोचला. तिथून लष्करी शिक्षणासाठी अल्जीरियाला गेला आणि परत येऊन प्रशिक्षण-छावणीचा प्रमुख झाला.

25 सप्टेंबर 1964 ला लढा सुरू झाला, तेव्हा फ्रेलिमोकडे शिकून तयार झालेले सैनिक जेमतेम अडीचशे होते. समोर नाटोतल्या एका देशाचं सैन्य. या लढाईचं तंत्र नीट समजून घेण्यासारखं आहे. दारूगोळा टांझानियातून यायचा. सीमेवरची रोवुमा नदी ओलांडली की पुढे रस्ता नाही, वाहन नाही. तोफगोळ्यांच्या आणि काडतुसांच्या पेट्या गावकरी, त्यातही बायका, डोक्यावरून दिवसचे दिवस वाहून नेत. परतताना त्याच वाटेनं काजू, शेंगदाणे, तीळ टांझानियात जायचे आणि त्या पैशातून कापड, मीठ, साबण, कुदळी यायच्या. म्हणजे शेतकऱ्यानं ओझं उचललं नाही, तर आघाडीवरची बंदूक मुकी. सामोराला हे पक्कं ठाऊक होतं. पिकं लुटणाऱ्या किंवा बायकांना त्रास देणाऱ्या सैनिकाची त्याच्याकडे गय नव्हती. 1967 मध्ये स्त्रियांची स्वतंत्र तुकडी उभी राहिली. या तुकडीत पुढे आलेली जोसिना 1969 मध्ये त्याची पत्नी झाली आणि 7 एप्रिल 1971 ला, अवघ्या पंचविशीत, आजारपणानं गेली.

हा व्यापार बिघडला कसा, तेही पाहू. उत्तरेतल्या काबो देल्गादो प्रांतात माल विकत घेणाऱ्या सहकारी दुकानांवर लाझारो काव्हांदामे या पुढाऱ्याचा ताबा होता. शेतकऱ्याकडून माल स्वस्तात घ्यायचा, वस्तू महाग विकायच्या आणि नफा खिशात घालायचा, असा त्याच्या लोकांवर आरोप. लोक ओझी वाहायला कुरकुरू लागले आणि त्याचा फटका थेट लढाईला बसला. 3 फेब्रुवारी 1969 ला फ्रेलिमोचे अध्यक्ष एदुआर्दो मोंदलाने टपालातून आलेल्या बाँबनं मारले गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत काव्हांदामे पोर्तुगिजांना जाऊन मिळाला. मे 1970 मध्ये अध्यक्षपद सामोराकडे आलं.

जुलै 1970 मध्ये पोर्तुगालचे जनरल काउल्झा द अरियागा यांनी सुमारे 35,000 सैन्य उत्तरेत लोटलं. तळ सापडले, शस्त्रं सापडली, पण समोरासमोर लढायला कोणी सापडेना. सामोरानं आपला भर पश्चिमेला, तेते प्रांतात, काहोरा बासा धरणाच्या परिसरात हलवला होता. फ्रेलिमोचं खरं हत्यार सुरुंग होतं. कच्च्या रस्त्यात तो वीतभर खड्डा करून पुरता येतो, डांबरात येत नाही. म्हणून पोर्तुगिजांनी उत्तरेतले रस्ते डांबरी करायला घेतले. शिवाय लाखो गावकऱ्यांना घरदार सोडायला लावून तारेच्या कुंपणातल्या वसाहतींत आणलं. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

एप्रिल 1974 मध्ये पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला, लष्करानंच सरकार उलथवलं. 7 सप्टेंबरला झांबियातल्या लुसाकात पोर्तुगाल आणि फ्रेलिमो यांच्यात सत्तांतराचा करार झाला. मे 1975 मध्ये सामोरा रोवुमा नदीपासून निघाला आणि महिनाभर सभा घेत राजधानीत, म्हणजे आजच्या मापुतोत, आला. 25 जूनला देश स्वतंत्र झाला. महिन्याच्या आत, 24 जुलैला, शाळा, दवाखाने, खाजगी वकिली, इतकंच काय अंत्यविधीचा धंदासुद्धा सरकारनं ताब्यात घेतला.

पोर्तुगीज लाखांनी निघून गेले. पाचशेच्या आसपास डॉक्टर होते, ते शंभरच्या आत आले. अशा अवस्थेत देशभर गोवर, देवी आणि धनुर्वाताची लस पोहोचवण्याची मोहीम झाली. औषधांची राष्ट्रीय यादी ठरवली गेली आणि महागड्या छापाऐवजी साधं, त्याच गुणाचं औषध घ्यायचं ठरलं. या कारभारात जुना परिचारक दिसतो, आणि त्याचं मोल मी फार मानतो.

शेतीत मात्र सगळंच फिसकटलं. सोडून गेलेल्या मळ्यांवर सरकारी शेतं उभी राहिली. पैसा, ट्रॅक्टर, खत बहुतेक तिकडेच गेलं. घरच्या जमिनीवर राबणाऱ्या शेतकऱ्याला कुदळसुद्धा मिळेना. दुकानात विकत घ्यायला काही नसेल, तर शेतकरी मका विकायला आणेल कशाला? रानात असताना जो हिशेब सामोराला तोंडपाठ होता, तोच मापुतोत बसून हातून निसटला. लोकांनी सामूहिक गावांत राहायला यावं असा आदेश निघाला, आणि पोर्तुगिजांच्या त्या कुंपणाच्या वसाहतीच कित्येक ठिकाणी सामूहिक गावं म्हणून चालू राहिल्या. जुने प्रतिस्पर्धी खटल्याशिवाय मारले गेले. 1983 मध्ये चाबकाच्या फटक्यांची शिक्षा कायद्यात आली. ज्यानं वसाहतीचा चाबूक पाहिला होता, त्याच्याच राजवटीत हे व्हावं याचं दुःख होतं, आणि ते झाकून ठेवू नये.

बाहेरून घावही मोठे होते. मार्च 1976 मध्ये सामोरानं शेजारच्या, गोऱ्यांची सत्ता असलेल्या ऱ्होडेशियाची (आजच्या झिम्बाब्वेची) सीमा बंद केली. तिथला माल येईना, म्हणून मोझांबिकच्या बैरा बंदराची आणि रेल्वेची कमाई बुडाली. ऱ्होडेशियाच्या गुप्तचरांनी रेनामो ही सशस्त्र टोळी उभी केली, आणि 1980 नंतर दक्षिण आफ्रिकेनं ती पोसली. सामूहिक गावांवर चिडलेल्या भागांत तिला आसराही मिळाला. त्यात 1983 चा दुष्काळ. 16 मार्च 1984 ला न्कोमाती नदीकाठी सामोरानं वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी करार केला: आम्ही तुमच्या विरोधकांना तळ देणार नाही, तुम्ही रेनामोला मदत देऊ नका. ऑगस्ट 1985 मध्ये मध्य मोझांबिकमधल्या गोरोंगोसातला रेनामोचा मुख्य तळ हाती लागला. तिथल्या डायऱ्यांतून कळलं, की दक्षिण आफ्रिकेची रसद करारानंतरही चालूच होती.

19 ऑक्टोबर 1986 च्या रात्री झांबियाहून परतताना त्याचं टुपोलेव्ह-134 विमान मापुतोऐवजी 37 अंश उजवीकडे वळलं आणि दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत, म्बुझिनीच्या डोंगरावर आदळलं. सामोरासह 44 पैकी 34 जण गेले. वैमानिकानं वळण का म्हणून विचारलं, तेव्हा दिशादर्शक रेडिओ तसंच दाखवतोय, असं उत्तर आलेलं ध्वनिफितीत आहे. जमीन जवळ आल्याचा इशारा 32 सेकंद वाजत होता, तरी विमान वर उचललं गेलं नाही. मापुतोच्या रेडिओ-केंद्राची वारंवारता 112.7 मेगाहर्ट्झ, तर शेजारच्या स्वाझीलँडमधल्या (आजचा एस्वातिनी) मात्सापाची 112.3. चुकीचं केंद्र लावलं गेलं असावं, असं दक्षिण आफ्रिकी आयोगाचं म्हणणं, आणि दोष वैमानिकांचा. सोव्हिएत तज्ज्ञांना फसवा रेडिओ-संकेत लावल्याचा संशय होता. वाद आजही मिटलेला नाही.

मृतांमध्ये आकिनो द ब्रागांसा होते. जन्म गोव्यातला, बार्देसचा. मापुतोच्या विद्यापीठातल्या आफ्रिकी अभ्यास केंद्राचे संस्थापक आणि सामोराचे विश्वासू सल्लागार. त्याच केंद्रात 1982 मध्ये रूथ फर्स्ट या दक्षिण आफ्रिकी संशोधिकेचा टपालातल्या बाँबनं खून झाला होता.

सामोरानंतर जोआकिम शिसानो राष्ट्राध्यक्ष झाले. सामूहिक गावांचा आग्रह सोडला गेला, नवी राज्यघटना आली, आणि 4 ऑक्टोबर 1992 ला रोममध्ये रेनामोबरोबर शांतता करारावर सह्या झाल्या.