पायरेट्सचे नऊ : कोणत्या जागी कोण?

(दृश्य : पिट्सबर्ग, ओकलंड परिसर. विटांची जुनी भिंत, तिच्यावर पसरलेली वेल.)

पिट्सबर्गमध्ये, विद्यापीठाच्या आवारालगत, विटांची ही भिंत उभी आहे. फोर्ब्स फील्ड हे पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचं स्टेडियम १९७० मध्ये बंद झालं आणि नंतर पाडलं गेलं. भिंतीचा हा तुकडा तेवढा उरला. दर वर्षी १३ ऑक्टोबरला इथे माणसं जमतात आणि १९६० सालच्या एका सामन्याचं रेडिओवरचं धावतं वर्णन ऐकतात. निकाल सगळ्यांना पाठ आहे. तरी नवव्या डावाच्या उत्तरार्धात बिल मॅझेरोस्कीचं नाव आलं की टाळ्या पडतातच.

वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेचा सातवा, निर्णायक सामना. जो आधी चार सामने जिंकेल, त्याची मालिका. समोर न्यूयॉर्क यांकीज. सगळ्या सामन्यांच्या धावांची बेरीज केली तर यांकीज ५५, पिट्सबर्ग पायरेट्स २७. म्हणजे हरले तेव्हा पायरेट्स सपाटून हरले, पण जिंकायचे तेवढे सामने जिंकले. सातव्या सामन्यात ९-९ अशी बरोबरी असताना मॅझेरोस्कीने राल्फ टेरीचा चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे पाठवला. वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्याचा शेवट होमरनने, म्हणजे अशा सीमापार फटक्याने, होण्याची ती आजवरची एकमेव वेळ.

आपल्याला पायरेट्सच्या इतिहासातले सर्वोत्तम नऊ निवडायचे आहेत, प्रत्येक जागेसाठी एक. सेकंड बेसच्या जागी आपण मॅझेरोस्कीला घेणार आहोत. (बेस म्हणजे धावपटूचे टप्पे; तीन बेस घेऊन होम प्लेटला परतलं की एक धाव.) कारण मात्र हा होमरन नाही.

(दृश्य : मैदानाचा आराखडा. एकेक जागा उजळत जाते.)

मुंबईचा सर्वकालीन रणजी संघ निवडायला बसलं की सलामीला कोण यावरच संध्याकाळ सरते, मग शेवटी कुणाला तरी खालच्या क्रमांकावर सरकवून तडजोड होते. बेसबॉलमध्ये ही सोय नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या शॉर्टस्टॉपचं काम वेगळं, फर्स्ट बेसचं वेगळं, होम प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरचं तर अगदीच वेगळं. म्हणून आमचा नियम असा : आधी जागा, मग माणूस. त्या जागेने जे काम मागितलं, ते पायरेट्सच्या शर्टात कुणी सर्वांत चांगलं केलं? दुसऱ्या संघाकडून कमावलेलं इथे धरायचं नाही.

आता मॅझेरोस्की. कारकिर्दीतली त्याची फलंदाजीची सरासरी .२६०. बेसबॉलमध्ये .३०० म्हणजे उत्तम. त्या मानाने ही बेताचीच. पण सेकंड बेसचं मुख्य काम डबल प्ले, म्हणजे एका फटक्यावर दोन बाद. शॉर्टस्टॉपकडून चेंडू येतो, पहिल्या बेसवरचा धावपटू थेट पायांवर घसरत येत असतो, आणि तेवढ्यात बेसला पाय लावून, वळून, चेंडू फर्स्ट बेसकडे फेकायचा. जुनी चित्रफीत संथ करून पाहा. चेंडू ग्लोव्हमध्ये गेला कधी आणि बाहेर आला कधी, हे कळत नाही. ग्लोव्ह लहान, चेंडू त्यात रुतण्याआधीच उजव्या हातात. सहकाऱ्यांनी त्याला ‘नो हँड्स’ म्हणायला सुरुवात केली, जणू मध्ये हात लागतच नाही. सेकंड बेसवरून १७०६ डबल प्ले, हा विक्रम आजही त्याच्या नावावर आहे. उत्तम क्षेत्ररक्षणाचे गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार आठ. आणि १९५६ ते १९७२, अख्खी कारकीर्द एकाच संघात. हॉल ऑफ फेमचा, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या यादीत जाण्याचा, मान त्याला २००१ मध्ये मिळाला, तेव्हा लिहून आणलेलं भाषण त्याला पुरं करता आलं नाही, रडू आवरेना. फलंदाजीच्या आकड्यांनी माणसं मोजणाऱ्यांनी त्याला फार वर्षं ताटकळत ठेवलं होतं.

शॉर्टस्टॉपवर वाद नाही. होनस वॅग्नर. पिट्सबर्गजवळच्या कोळसा पट्ट्यातला, जर्मन स्थलांतरितांचा मुलगा, लहानपणी खाणीत राबलेला. पाय धनुकली, हात अवाढव्य. १९०० मध्ये तो लुइव्हिलहून पायरेट्सकडे आला आणि सुरुवातीला मिळेल त्या जागी खेळला. शॉर्टस्टॉप ही त्याची कायमची जागा झाली ती १९०३ च्या सुमारास. नॅशनल लीगचा (पायरेट्स खेळतात ती लीग) सर्वोत्तम सरासरीचा किताब आठ वेळा, सातशेहून जास्त बेस चोरले, म्हणजे फटका न लागताच धावून पुढचा बेस गाठला. १९०९ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये समोर डेट्रॉइटचा टाय कॉब होता. कॉबची सरासरी .२३१, वॅग्नरची .३३३, शिवाय सहा बेस चोरलेले. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पहिले पाच जण निवडले गेले, त्यात वॅग्नर आहे. त्याच्या चित्राचं सिगारेटच्या पाकिटातलं कार्ड आज कोट्यवधींना विकलं जातं. त्या कार्डाबद्दल इतकं बोललं जातं की त्यावरचा खेळाडू मागे पडतो, याचं वाईट वाटतं.

थर्ड बेस : पाय ट्रेनर. सरासरी .३२०. आजचे विश्लेषक त्याला पूर्वीइतकं वरचं स्थान देत नाहीत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण या संघात त्या जागी इतका काळ इतकं चांगलं दुसरं कुणी खेळलेलं नाही. पुढे जाऊ.

(दृश्य : १४ ऑक्टोबर १९९२, अटलांटा. डाव्या बाजूने आलेला थ्रो, होम प्लेटकडे घसरणारा सिड ब्रीम.)

लेफ्ट फील्ड, म्हणजे मैदानाचा डावीकडचा लांबचा भाग. इथे चार माणसं एकाच जागेसाठी उभी आहेत.

फ्रेड क्लार्क, खेळाडू आणि मॅनेजर दोन्ही. १९०९ चं जेतेपद त्याच्या हाताखाली आलं. राल्फ कायनर, १९४६ पासून सलग सात हंगाम लीगमध्ये सर्वाधिक होमरन मारणारा. त्याच्या काळात डावीकडची हद्द सुमारे ३० फूट आत आणली होती, हे खरं. पण संघ तळाशी लोळत असताना लोक तिकीट काढून यायचे ते त्याच्यासाठी, हेही खरंच. विली स्टारजेल, ४७५ होमरन, सगळे पायरेट्ससाठी. आणि बॅरी बॉन्ड्स.

बॉन्ड्स इथे फक्त सात हंगाम खेळला, १९८६ ते १९९२. त्यात दोनदा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू. वेग, थ्रो, बॅट, संयम, सगळं एका माणसात. पुढे सॅन फ्रान्सिस्कोला गेल्यावरचे विक्रम आणि त्यांच्याभोवतीचे उत्तेजकांचे संशय आमच्या नियमाने बाहेर राहतात. राहतो तो १९९२ चा थ्रो.

लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना. नवव्या डावाच्या उत्तरार्धापर्यंत पायरेट्स २-० ने पुढे. मग २-१, दोन बाद, सगळे बेस भरलेले. अटलांटाच्या फ्रान्सिस्को कॅब्रेराने डावीकडे सिंगल, म्हणजे एका बेसचा फटका, मारला. तिसऱ्या बेसवरचा धावपटू आला, बरोबरी झाली. दुसऱ्या बेसवरून सिड ब्रीम निघाला. एकेकाळचा पायरेट्सचाच खेळाडू, गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेला, संथ. बॉन्ड्सने चेंडू उचलून फेकला. थ्रो जरासा फर्स्ट बेसच्या बाजूला पडला. कॅचरला सरकावं लागलं, आणि तेवढ्यात ब्रीम पोचला. बॉन्ड्स त्या हिवाळ्यात संघ सोडून गेला. त्यानंतर सलग २० हंगाम पायरेट्सच्या पराभवांचा आकडा विजयांपेक्षा मोठा राहिला.

पिट्सबर्गमध्ये अनेकांनी हे त्याला कधीच माफ केलं नाही. त्यांचं दुःख मला कळतं. पण एका थ्रोवर सात वर्षं पुसायची नसतात. लेफ्ट फील्ड : बॅरी बॉन्ड्स. क्लबनेही २०२४ मध्ये त्याला स्वतःच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

मग स्टारजेल? तो बाहेर राहूच शकत नाही. आणि इथे तडजोडही करावी लागत नाही, कारण गुडघे कुरकुरू लागल्यावर तो खरोखरच फर्स्ट बेसवर गेला आणि तिथे आठशेहून जास्त सामने खेळला. १९७९ चं वर्ष त्याने फर्स्ट बेसवरूनच गाजवलं. वय ३९. सहकाऱ्यांचा ‘पॉप्स’, म्हणजे घरातला मोठा. कुणी चांगला खेळला की तो त्याला छोटा सोनेरी तारा द्यायचा, आणि लाखो डॉलर कमावणारी माणसं तो तारा हौसेने टोपीवर शिवून घ्यायची. बाल्टिमोरविरुद्ध सातव्या सामन्यात संघ मागे असताना त्याने होमरन मारला, वर्ल्ड सीरिजचा एमव्हीपीही तोच ठरला. ९ एप्रिल २००१ ला पीएनसी पार्क या नव्या स्टेडियममध्ये हंगामाचा पहिला सामना होता. त्याच पहाटे स्टारजेल गेला. त्याचा पुतळा दोनच दिवसांपूर्वी तिथे उभा राहिला होता; लोकांनी त्याच्या पायाशी फुलं ठेवली आणि मग आत गेले.

(दृश्य : फोर्ब्स फील्डचं हवाई छायाचित्र. मध्यभागी खोलवर ठेवलेला सरावाचा पिंजरा.)

सेंटर फील्डसाठी हे छायाचित्र नीट पाहा. मैदान इतकं खोल होतं की भिंत सर्वांत लांब ४५७ फुटांवर होती आणि सरावाचा पिंजरा सामना चालू असताना सीमेच्या आतच ठेवलेला असायचा. एवढ्या मोकळ्या जागेत चेंडू पडला की तीन बेस मिळायचे. १९१२ मध्ये पायरेट्सच्याच ओवेन विल्सनने एका हंगामात ३६ ट्रिपल मारले, तो विक्रम अजून शाबूत आहे. असल्या मैदानाला धावणारा माणूस हवा. मॅक्स कॅरी धावायचा. १९२२ मध्ये ५३ वेळा बेस चोरायचा प्रयत्न केला, ५१ वेळा साधला. तोच वेग चेंडूमागे.

आजचा चाहता अँड्र्यू मॅककचनचं नाव घेईल. २०१३ चा एमव्हीपी, वीस वर्षांची पडझड ज्याच्या खेळाने थांबली तो. माझाही तो लाडका. पण नियम जागेचा आहे, आणि सेंटर फील्डचं काम कॅरीने जास्त चांगलं केलं.

राइट फील्ड. पॉल वेनरची पायरेट्ससाठीची सरासरी .३४०. रोबेर्टो क्लेमेंटेची .३१७. फक्त बॅट पाहायची तर वेनरच. पण राइट फील्डमधून थर्ड बेसपर्यंतचा थ्रो हा मैदानावरचा सर्वांत लांब थ्रोंपैकी एक, आणि त्या थ्रोच्या धाकानेच धावपटू थबकतो. क्लेमेंटेकडे चेंडू गेला की समोरचे कोच पुढचा बेस घ्यायला हात दाखवतच नसत. बारा गोल्ड ग्लोव्ह. त्याचा थ्रो पाहिला की तो खांद्यातून नाही, पायांपासून निघतो हे दिसतं : वळणं, उडी आणि फेक एकाच हालचालीत.

तो प्वेर्तो रिकोतल्या कॅरोलिना गावचा. अमेरिकेतले पत्रकार त्याचं ‘बॉब’ करायचे आणि त्याचं तोडकं इंग्रजी उच्चारानुसार छापायचे. त्याने ते कधीच मुकाट्याने घेतलं नाही. १९७१ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये .४१४ सरासरीने खेळून एमव्हीपी झाल्यावर, टीव्हीवर इंग्रजीआधी तो स्पॅनिशमध्ये आईवडिलांशी बोलला. ३० सप्टेंबर १९७२ ला त्याने ३००० वा हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, मारला. डिसेंबरमध्ये निकाराग्वात भूकंप झाला. पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोचत नाही असं कळलं, म्हणून ३१ डिसेंबरला तो स्वतः मदतीच्या विमानात बसला. जास्त भार भरलेलं ते विमान उड्डाणानंतर लगेच समुद्रात कोसळलं. त्याचा देह सापडला नाही.

(दृश्य : बेब अ‍ॅडम्सचं छायाचित्र.)

पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा : बेब अ‍ॅडम्स. विल्बर कूपरचे विजय जास्त आहेत, २०२, क्लबमध्ये सर्वाधिक. पण १९२५ च्या जेतेपदाआधीच्या हिवाळ्यात त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. हार्वे हॅडिक्सने १९५९ मध्ये मिलवॉकीविरुद्ध सलग १२ डाव एकाही माणसाला बेसवर येऊ दिलं नाही आणि १३ व्या डावात सामना गमावला. असली रात्र दुसरी नाही, पण ती एक रात्र. अ‍ॅडम्सने १९०९ च्या वर्ल्ड सीरिजचे तीन सामने जिंकले, शेवटचा ८-० असा. १९१४ मध्ये एका सामन्यात त्याने २१ डाव पिचिंग केलं आणि चुकीचे चेंडू टाकून एकालाही फुकट बेस दिला नाही. पॉल स्कीन्स २०२४ मध्ये वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला, २०२५ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन गेला. त्याचं नाव इथे येईल, अजून काही हंगाम जाऊ देत. याच क्लबने २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं होतं. मुख्य संघापर्यंत ते पोचले नाहीत, पण भारतीय खेळाडूंसाठी ते दार पहिल्यांदा उघडलं ते पिट्सबर्गने.

उरला कॅचर.

(दृश्य : होमस्टेड ग्रेजचा संघ, १९३० च्या दशकातलं छायाचित्र.)

बेसबॉलच्या इतिहासातला एक थोर कॅचर याच शहरात खेळला. जॉश गिब्सन. होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या कृष्णवर्णीयांच्या संघांकडून. ग्रेज तर काही काळ फोर्ब्स फील्डवरच खेळायचे, पायरेट्स बाहेरगावी असताना. मैदान तेच, होम प्लेट तीच, पण कातडीच्या रंगामुळे पायरेट्सचा शर्ट त्याला बंद होता. जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, तो गेला. त्यानंतर तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला आणि मोठ्या लीगमधली ती रंगबंदी मोडली. पायरेट्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू यायला १९५४ उजाडलं. २०२४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या त्या वेगळ्या लीगचे आकडे अधिकृत नोंदीत धरले गेले, तेव्हा कारकिर्दीतल्या सरासरीच्या यादीत गिब्सन .३७२ वर सर्वांत वर आला.

ज्यांना हा शर्ट मिळाला, त्यांच्यातून निवड जेसन केंडल आणि मॅनी सँगियेन यांच्यात आहे. केंडलने पायरेट्ससाठी सर्वाधिक सामने कॅच केले आणि सरासरीही .३०० च्या वर ठेवली. तरी सँगियेन. पनामाचा हा माणूस हसतमुख, मिळेल त्या चेंडूला बॅट लावणारा, १९७१ आणि १९७९ अशा दोन्ही जेतेपदांत सामील. १ सप्टेंबर १९७१ ला पायरेट्सनी सुरुवातीचे नऊच्या नऊ कृष्णवर्णीय आणि लॅटिन खेळाडू उतरवले, मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदाच. त्या दिवशी प्लेटमागे तोच होता. क्लेमेंटे गेल्यावर प्वेर्तो रिकोत शोकसभा चालू होती आणि सँगियेन मित्राला शोधायला समुद्रात बुड्या मारत होता. १९७३ च्या सुरुवातीला संघाने त्याला क्लेमेंटेच्या राइट फील्डमध्ये उभं केलं. ते जमलं नाही. काही आठवड्यांनी तो पुन्हा प्लेटमागे आला, जिथे तो शोभायचा.

यादी पायरेट्सची आहे, म्हणून नाव सँगियेनचं. पिट्सबर्ग शहराची असती, तर कॅचरच्या जागी गिब्सनशिवाय दुसऱ्या कुणाचा विचारही करावा लागला नसता.