स्टोअररूममधले सव्वातीन तास

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या एका फायलीत वहीचं फाडलेलं पान आहे. त्यावर बारा वर्षांच्या मुलाच्या अक्षरात तीन ओळी आहेत. ‘मी पेनांचा सेट घेतला. बिल केलं नाही. परत असं करणार नाही.’ ‘परत’ हा शब्द दोनदा खोडून लिहिलाय. खाली सही. बारा वर्षांच्या पोराला कुठली आलीय सही? त्यानं आपलं पूर्ण नावच लिहिलंय, शाळेच्या हजेरीत असतं तसं, आडनाव आधी. आणि त्याच्याही खाली, वेगळ्या पेनानं, मोठ्या माणसाच्या अक्षरात: आत 4.10, बाहेर 7.25.

मधले सव्वातीन तास तो मुलगा एका मोठ्या दुकानाच्या स्टोअररूममध्ये खोक्यांच्या रांगेत स्टुलावर बसला होता. दुकानाचं नाव सांगत नाही, आजच्या विषयाला त्याची गरजही नाही. मारहाण झाली नव्हती, पाणीसुद्धा दिलं होतं. दाराशी सुरक्षारक्षक उभा होता आणि मॅनेजरचं म्हणणं असं की वडील येऊन दहापट पैसे भरेपर्यंत पोराला सोडायचं नाही. वडील आले, पैसे भरले, पोराला घरी नेलं. चार दिवस तो शाळेत गेला नाही, तेव्हा आई-वडील ते पान घेऊन माझ्याकडे आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘मॅडम, आमच्या मुलावर केस होईल का?’ मी म्हटलं, तुमच्या मुलाचं नंतर बघू. आधी त्या सव्वातीन तासांचं बोलू.

सुरक्षारक्षकाच्या अंगावर गणवेश असतो, खांद्यावर पट्टी असते, कधी हातात काठी असते. बघणाऱ्याला वाटतं, पोलिसांसारखा थोडाफार अधिकार याच्याकडे असणारच. नसतो. खाजगी सुरक्षा एजन्सींचा 2005 चा केंद्रीय कायदा आहे. रक्षकाचं वय, चारित्र्य, एजन्सीचा परवाना, सगळं त्यात आहे. त्याखालच्या आदर्श नियमांत 100 तास वर्गातलं आणि 60 तास प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण सांगितलंय. गणवेश पोलिसांच्या किंवा सैन्याच्या गणवेशासारखा दिसला तर शिक्षाही आहे. एवढ्या सगळ्यात कुणाला अटक करण्याचा अधिकार मात्र कुठेही दिलेला नाही. कायद्याच्या नजरेत तो रक्षक म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच एक नागरिक.

आता नागरिकालाही कुणाला पकडता येतं, हे खरं आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे अटक-तपास कसा करायचा हे सांगणारा नवा कायदा, लागू झाली. तिच्या कलम 40 प्रमाणे, माझ्या डोळ्यांदेखत कुणी दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही असा) गुन्हा केला, तर मी त्याला धरून पोलिसांच्या हवाली करू शकते. ‘डोळ्यांदेखत’ हा शब्द महत्त्वाचा. संशय आला, मशीन वाजलं, कुणीतरी येऊन सांगितलं, एवढ्यावर चालत नाही. जुन्या कायद्यात ‘विनाकारण उशीर न करता’ पोलिसांकडे द्यायचं एवढंच होतं, नव्यात वर सहा तासांची मर्यादा घातली. ही मर्यादा म्हणजे सहा तास बसवून ठेवायची परवानगी, असा अर्थ काही सुपरवायझरांनी काढलाय, तो साफ चुकीचा आहे. पोलीस ठाणं दहा मिनिटांवर असेल तर सहा तासांचं नाव काढायचं कारण नाही.

मग पेनांच्या सेटचं काय? गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम 303 मध्ये आहे. माल 5000 रुपयांच्या आतला असेल तर तो गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र धरलाय. म्हणजे कलम 40 चं दार तिथेच बंद. आता ऐकणारा एखादा वकील लगेच म्हणेल, मॅडम, कलम 305 आहे की! बरोबर आहे. मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतली चोरी म्हटली तर गुन्हा अजामीनपात्र होतो आणि दुकान त्यात बसतं असा युक्तिवाद करता येतो. पण ज्या प्रश्नावर दोन वकील तासभर भांडतील, त्याचा निकाल रात्रपाळी करून आलेल्या माणसानं बिल काउंटरपाशी उभं राहून अर्ध्या मिनिटात लावायचा, ही अपेक्षाच मला विचित्र वाटते.

रक्षकाकडे हक्काची अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे मालमत्तेचं रक्षण. कुणी माल घेऊन चाललाय तर त्याला थांबवणं, माल परत घेणं, त्यासाठी लागेल तेवढंच बळ वापरणं, हे न्याय संहितेत बसतं. पण माल परत मिळाला की हा हक्क संपतो. पेनांचा सेट चार वाजून दहा मिनिटांनी काउंटरवर परत आला होता. त्यानंतरचं स्टुलावर बसवणं कुठल्या मालाच्या रक्षणासाठी होतं, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

त्याला न्याय संहितेत वेगळं नाव आहे. बेकायदा अडवणं कलम 126, बेकायदा डांबून ठेवणं कलम 127. कुलूप लागलंच पाहिजे असं नाही. दारात उभं राहून ‘हललास तर बघ’ म्हटलं तरी पोरासाठी तो तुरुंगच. आणि कबुली लिहून घेण्यासाठी किंवा पैसे वसूल करण्यासाठी डांबलं असेल तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. काही दुकानांत ‘चोरी करताना आढळल्यास दहापट दंड’ अशी पाटी असते. दंड न्यायालय करतं. पाटी लावून तो अधिकार येत नाही. उलट भीती घालून पैसे काढले तर खंडणीचं कलम लागू शकतं.

आता वयाचं बोलू, कारण इथे सगळंच बदलतं. सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य आपल्या कायद्यात गुन्हाच नाही. सात ते बारा वयात त्या मुलाला कृत्याचा अर्थ कळत होता का, हे बघावं लागतं. आणि अठरापर्यंत प्रत्येकाला 2015 चा बाल न्याय कायदा लागू. त्या कायद्यात मुलाला आरोपी म्हणत नाहीत, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. शब्द जड आहे, पण त्यामागचा विचार मला पटतो. अशा मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. त्याला बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे किंवा विशेष बाल पोलीस पथकाकडे द्यायचं आणि 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. असा एक अधिकारी प्रत्येक पोलीस ठाण्यात असायला हवा. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत तर असं आहे की घोर गुन्हा नसेल तर, मुलाच्या हिताचं असल्याशिवाय, त्याला ताब्यातच घेऊ नये. मंडळाला माहिती पाठवावी, पालकांना कळवावं. बेड्या नाहीत, जबरदस्ती नाही, जबाबावर सही घेणं नाही. म्हणजे प्रशिक्षित पोलिसालाही जे करायला मनाई आहे, ते स्टोअररूममध्ये सर्रास चालतं.

झडतीचं तसंच. ‘दप्तर दाखव’ अशी विनंती रक्षक करू शकतो. मुलानं नाही म्हटलं तर हिसकावून उघडता येत नाही, खिशात हात घालता येत नाही. मुलींच्या बाबतीत तर पुरुष रक्षकानं हात लावायचा विचारसुद्धा करू नये. आणि मोबाईल! फोटो काढायचा, ‘या चेहऱ्यावर लक्ष ठेवा’ म्हणून ग्रुपवर टाकायचा, प्रिंट काढून गेटवर लावायचा. प्रकरण पोलिसांकडे किंवा मंडळाकडे गेलेलं असेल तर मुलाचं नाव, फोटो, शाळा उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर उत्साहानं फोटो फिरवणाऱ्या काकांनीही हे ऐकावं.

रक्षक म्हणतील, मॅडम, मग आम्ही काय नुसतं बघत बसायचं? नाही. माल परत मागा. लोकांसमोर तमाशा न करता, पण उघड्या जागेत, शक्यतो एखाद्या महिला कर्मचाऱ्याला सोबत घेऊन, मुलाशी बोला. नाव सांगितलं तर घरी फोन लावा. मूल घाबरलेलं, एकटं, हरवलेलं वाटलं तर मुलांसाठीची 1098 हेल्पलाइन आहे. प्रकरण गंभीर असेल तर पोलिसांना बोलवायला 112 आहे. पोलीस येईपर्यंत मुलाला उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असं बसवा. पळून गेलं तर जाऊ द्या. पेनांच्या सेटसाठी पायऱ्यांवरून मूल पडलं तर ते ओझं जन्मभराचं.

आमच्या त्या प्रकरणात पालकांनी पोलिसांत तक्रार दिली. मॅनेजरला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, मी कामात होतो, रक्षकानं परस्पर केलं. एजन्सीचा माणूस म्हणाला, आमच्याकडून असे आदेश नसतात. उरला रक्षक. पन्नाशीचा, बारा तासांची ड्युटी करणारा. ‘बसवून ठेव’ हे त्याला तोंडी सांगितलं होतं आणि तोंडी हुकूम कधी कागदावर सापडत नाही. त्याच्याविषयी मला राग आला नाही, हे कबूल करते. राग आला तो ज्यांच्या अक्षरात काहीच नव्हतं त्यांचा.

मुलाविरुद्ध तो कागद कुणी वापरला नाही. दुकानात मूल किती वेळ डांबलं होतं, याचा सगळ्यात पक्का पुरावा मात्र तोच ठरला. ठाण्याच्या बाकावर मी रक्षकाला विचारलं, खाली वेळ कशाला लिहिलीत?

तो म्हणाला, ‘गेटवर रजिस्टर असतं ना मॅडम. आत आला की वेळ, बाहेर गेला की वेळ. सवय आहे.’