कॅन्टनचे चितारी

अमेरिकेतल्या सालेमच्या संग्रहालयातला हा चिनी मातीचा वाडगा. ‘पंच’ नावाचं मद्यपेय प्यायचा, म्हणून एवढा मोठा. त्यावरचं जहाज पाहा. नाव ‘ग्रँड टर्क’, मालक सालेमचे व्यापारी एलायस हॅस्केट डर्बी, साल १७८६. गंमत अशी, की हे चित्र ‘ग्रँड टर्क’चं नाहीच! इंग्रजी पुस्तकातलं दुसऱ्याच जहाजाचं चित्र चीनमधल्या कॅन्टन (आजचं ग्वांगझू) बंदरातल्या चिताऱ्यानं हुबेहूब उतरवलं आणि नाव घातलं ‘ग्रँड टर्क’चं.

भांडं मात्र कॅन्टनचं नाही. ते घडलं शेकडो मैल आत, जिंगदेझेनला. पांढरीशुभ्र माती, तिच्यात कुटलेल्या दगडाची पूड. चाकावर चढवायचं, वाळवायचं, तासून पातळ करायचं, झिलई द्यायची आणि तेराशेच्या आसपास अंशांवर भाजायचं. एका नगाला सत्तर माणसांचे हात लागतात, असं तिथं राहिलेल्या एका फ्रेंच पाद्र्यानं १७१२ मध्ये लिहून ठेवलंय. मग होडीनं नदी, पुढे सरोवर, पुन्हा नदी. मेइलिंगची खिंड आली की सगळा माल हमालांच्या खांद्यावर.

कॅन्टनला कोरी भांडी रंगायची. विल्यम हिकी हा इंग्रज १७६९ मध्ये तिथं गेला होता. एका लांब दालनात शंभरेक माणसं भांड्यांवर चित्रं काढत बसलेली त्यानं पाहिली. कुणी पार म्हातारं, कुणी सहा-सात वर्षांचं पोर. रंग झाला की भांडी पुन्हा भट्टीत, या वेळी मंद आचेवर.

‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे चीनला गेलेलं पहिलं अमेरिकन जहाज. २२ फेब्रुवारी १७८४ ला न्यूयॉर्कहून निघालं, पोटात जिनसेंग या औषधी वनस्पतीची मुळं. कॅन्टनजवळ व्हॅम्पोआला नांगर पडला. मुंबईचा कापूस आणणारी जहाजंही इथंच नांगर टाकत. जहाजावरचे व्यापारी प्रतिनिधी सॅम्युअल शॉ यांना सिनसिनाटी संघाचं, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या अधिकाऱ्यांच्या संघटनेचं, चिन्ह भांड्यांवर हवं होतं. वेगवेगळ्या चित्रांतल्या आकृत्या एकत्र जुळवून द्या, म्हणाले. ते जमलं नाही, तेव्हा शॉंनी लिहिलं, इथल्या चिताऱ्यांना नक्कल येते, कल्पकता नाही. आता जी देवता कधी पाहिली नाही, जिची गोष्ट ऐकली नाही, ती कुणी कशी मांडावी? तरी या भांड्यांवरची तुतारी फुंकणारी पंखवाली बाई, म्हणजे कीर्तीची देवता, पाहा. बोटाएवढ्या जागेत तिच्या वस्त्राच्या चुण्यासुद्धा सुटलेल्या नाहीत.

पेट्या जहाजाच्या तळाशी रचत. वजनानं जहाज स्थिर राहायचं, पाणी शिरलं तरी भांड्यांना काही होत नसे आणि वरचा चहा कोरडा राहायचा. याच चिन्हाचा ३०२ नगांचा संच जॉर्ज वॉशिंग्टननी १७८६ मध्ये दीडशे डॉलरला घेतला.

पुढे चिनी मालाच्या बदल्यात द्यायला जिनसेंगवर भागेना. चांदी आली, सीलची कातडी आली, चंदन आलं, तुर्कस्तानची अफूही आली. मग इंग्लंडच्या कारखान्यांतली छापील नक्षीची भांडी स्वस्तात मिळू लागली आणि कॅन्टनच्या मालाची अमेरिकेतली मागणी ओसरली.