दुतोंड्या साखळीची चाल

गुळगुळीत फरशीवर आलेली धामण कुणी पाहिली आहे का? नुसती वळवळते, पुढे सरकणं जमत नाही. तीच शेतात सरसर निघून जाते. ढेकूळ, दगड, धसकट, जे लागेल त्याला कुशीनं रेटा द्यायचा आणि पुढे जायचं. अडथळा हाच तिचा आधार. शिवाय डोकं ज्या वाटेनं गेलं, त्याच वाटेनं मागचं सगळं अंग जातं.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात. शिजलेल्या शेवयांचं पातेलंच म्हणा, फक्त या शेवया उष्णतेनं सतत थरथरताहेत. आडवं सरकायची सोय नाही, शेजारणी वाट अडवून बसलेल्या. भौतिकशास्त्रज्ञ सॅम एडवर्ड्स यांनी १९६७ मध्ये मांडलं, की अशी साखळी जणू नळीत कोंडलेली असते. मग ती सुटते कशी? १९७१ मध्ये पिएर-जिल द जेन यांनी उत्तर दिलं: टोकाकडून, सरपटत. नावही लॅटिनमधल्या सरपटण्यावरूनच ठेवलं, रेप्टेशन. पुढे १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

सापाची उपमा मात्र इथे जरा लंगडते. सापाला डोकं एकच. साखळीची दोन्ही टोकं सारखी, आपण मांडुळाला दुतोंड्या म्हणतो तशी. (मांडुळाचं दुसरं तोंड म्हणजे बोथट शेपूट. त्या समजुतीपायी बिचाऱ्याची तस्करी होते.) कधी हे टोक पुढे, कधी ते. उष्णतेचा धक्का लागेल तिकडे.

आता एकच हिशेब. साखळी दुप्पट लांब केली, नळीही दुप्पट झाली. पण चाल दारुड्याची, दोन पावलं पुढे, दोन मागे; म्हणून दुप्पट अंतराला चौपट वेळ. त्यात अंग दुप्पट, म्हणजे घर्षणही दुप्पट. चार दुणे आठ. जुनी नळी सोडायला आठपट वेळ! दहापट लांबीला हजारपट. सुटायला जितका वेळ, तितकं वितळलेलं प्लॅस्टिक दाट. हिशेबानं दाटपणा लांबीच्या घनानं, म्हणजे घातांक ३ नं वाढायला हवा. प्रत्यक्ष मोजलं तर तो याहूनही वेगानं वाढतो, घातांक ३ नव्हे, ३.४ च्या आसपास. टोकं नळीत आत-बाहेर करतात आणि आखूड साखळ्यांना त्याचा फायदा जास्त मिळतो, हे त्याचं मोठं कारण.

याचा व्यवहारातला परिणाम गुडघ्यात सापडतो. कृत्रिम सांध्यात बसवतात ती चकती पॉलिएथिलीनची, दुधाच्या पिशवीच्याच कुळातली. पण साखळ्या इतक्या लांब, की वितळूनही ती वाहत नाही. साच्यात ओतता येत नाही. भुकटी तापवून दाबावी लागते.

१९९४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन चू यांच्या गटानं हे सरपटणं डोळ्यांनी पाहिलं. चमकता रंग दिलेला डीएनएचा एक रेणू, भोवती बिनरंगी डीएनएची गर्दी. एका टोकाला मणी, तो लेझरनं धरून वेडावाकडा ओढला. मागचा धागा त्याच वळणांवरून आला, धामणीसारखा.

आता कुणी विचारेल, साखळीला तीन फाटे असतील तर? मग सरपटणं संपलं. एक फाटा पुढे निघाला की दुसरे दोन मागे खेचतात. प्रत्येक फाट्यानं आपल्या नळीतून, तिन्ही फाटे जुळतात त्या गाठीपर्यंत मागे यायचं आणि नवी वाट धरायची. फाटा जरा लांब असला, की त्या माघारीची वाट पाहणं आठपटीच्या हिशेबात मावत नाही.